टॉम किलबर्न

टॉम किलबर्न (जन्म : ११ ऑगस्ट १९२१, ड्यूसबरी, यॉर्कशायर, इंग्लंड, मृत्यू : १७ जानेवारी २००१, मँचेस्टर) हे ब्रिटिश संगणक अभियंते आणि मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचे संस्थापक होते. फ्रेडरिक विल्यम्स यांच्यासमवेत त्यांनी कॅथोड किरण नलिकेवर आधारलेली संगणक-स्मृती सिद्ध केली. ही स्मृती वापरून २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर येथे आज्ञावली स्वतःमध्येच साठवून ती पार पाडणारा जगातील पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक चालला. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या अ‍ॅटलस या संगणकात एकस्तरीय स्मृतीची योजना प्रत्यक्षात आली. मुख्य स्मृतीत न मावणारी आज्ञावली किंवा माहिती पानापानाने आत आणायची आणि वापरणाऱ्याला मात्र ती सगळीच आत असल्याचे भासवायचे, असे या योजनेचे स्वरूप होते. आज तिला आभासी स्मृती असे म्हणतात. यंत्राच्या स्मृतीहून कितीतरी मोठी फाइल हाताळण्याची आजची रीत याच विचारातून पुढे आली आहे.

बालपण व शिक्षण

किलबर्न यांचा जन्म लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ड्यूसबरी या गावी झाला. तेथील व्हीलराइट ग्रामर स्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. गणितात त्यांना विशेष गती होती. १९४० साली ते केंब्रिज विद्यापीठाच्या सिडनी ससेक्स महाविद्यालयात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धाचा काळ असल्यामुळे अभ्यासक्रम आटोपशीर करण्यात आले होते. १९४२ साली पदवी घेऊन ते बाहेर पडले तेव्हा शुद्ध गणित चांगले येत होते, परंतु विद्युत उपकरणांशी त्यांचा फारसा परिचय नव्हता.

युद्धकार्यासाठी त्यांची निवड झाली आणि वीज, चुंबकत्व व इलेक्ट्रॉनिकी यांचे काही आठवड्यांचे धावते प्रशिक्षण देऊन त्यांना माल्व्हर्न येथील दूरसंचार संशोधन केंद्रात पाठवण्यात आले. रडारवर संशोधन करणारी ही संस्था होती. तेथे ते फ्रेडरिक विल्यम्स यांच्या गटात रुजू झाले. इलेक्ट्रॉनिक मंडलांची रचना आणि त्यांतील दोषांचे निवारण हे गटाचे काम होते. विल्यम्स यांना अनुभवी सहायक हवा होता आणि हाती आला तो एकवीस वर्षांचा गणिताचा पदवीधर. मात्र काही महिन्यांतच किलबर्न गटातील महत्त्वाचे सदस्य झाले. गुरू-शिष्याच्या नात्याने सुरू झालेले हे सहकार्य पुढे बरोबरीच्या पातळीवर आले आणि युद्ध संपल्यावरही टिकले. १९४३ साली किलबर्न यांचा आयरीन मार्सडेन यांच्याशी विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली.

नलिकेवरील स्मृती

युद्धानंतर इंग्लंडमध्ये व अमेरिकेत संगणक बांधण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा सर्वांपुढे एकच अडचण होती. गणित करणारी मंडले तयार करता येत होती, पण अंक आणि आज्ञा ठेवायच्या कोठे, याचे समाधानकारक उत्तर कोणाजवळ नव्हते. पारा भरलेल्या नळ्यांतून ध्वनिलहरी फिरत ठेवून त्यांत अंक साठवण्याची एक पद्धत होती. परंतु तीत हवा तो अंक नळीच्या टोकाशी येईपर्यंत थांबावे लागे.

विल्यम्स यांनी रडारच्या पडद्यासाठी वापरली जाणारी कॅथोड किरण नलिका निवडली. नलिकेच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की त्या ठिकाणी विद्युतभाराचा ठिपका उरतो. ठिपक्याच्या दोन निराळ्या अवस्थांनी ० आणि १ दाखवता येतात. अडचण अशी की, हा भार सेकंदाच्या अंशात ओसरतो. तो ओसरण्यापूर्वीच वाचून पुन्हा जसाच्या तसा लिहिला, आणि हे चक्र अखंड चालू ठेवले, तर ठिपका हवा तेवढा वेळ टिकतो. १९४६ च्या अखेरीस विल्यम्स यांनी या रीतीने एक बिट साठवून दाखवला. क्षणोक्षणी पुसट होणारे अक्षर क्षणोक्षणी गिरवत राहण्याचे हे तत्त्व आजच्या संगणकांतील मुख्य स्मृतीच्या चिपमध्येही कायम आहे. साधने तेवढी बदलली.

त्याच डिसेंबरात विल्यम्स मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले आणि संशोधन केंद्राने किलबर्न यांना त्यांच्याबरोबर काम करण्यासाठी तेथे धाडले. एका बिटापासून उपयोगी स्मृतीपर्यंतचा पल्ला मुख्यतः किलबर्न यांनी गाठला. वर्षभरात एका नलिकेवर २,०४८ बिट साठवण्यापर्यंत त्यांनी मजल मारली आणि १ डिसेंबर १९४७ या दिनांकाचा सविस्तर अहवाल लिहिला. हा अहवाल ब्रिटन व अमेरिकेतील संशोधकांच्या हाती पोहोचला. प्रिन्स्टन येथील फॉन नॉयमन यांच्या संगणकात आणि आयबीएमच्या ७०१ या संगणकात हीच नलिका-स्मृती वापरली गेली. प्रारंभी विल्यम्स यांच्या एकट्याच्या नावाने ओळखली जाणारी ही नलिका अलीकडे विल्यम्स-किलबर्न नलिका या नावाने नोंदवली जाते, आणि ते न्याय्यच आहे.

पहिली आज्ञावली

साठवलेले बिट संगणकाच्या वेगाने वाचता-लिहिता येतात, याची खात्री करून घेण्यासाठी स्वतः एक छोटा संगणक बांधणे हाच मार्ग होता. किलबर्न यांनी जेफ टूटिल यांच्या साहाय्याने तो बांधला. त्याला पुढे बेबी असे लाडके नाव पडले. त्याच्या मुख्य स्मृतीत ३२ बिटांचे ३२ शब्द, म्हणजे एकूण १,०२४ बिट मावत. वजाबाकी ही एकच अंकगणिती क्रिया त्याच्या मंडलांना येत होती. बेरीज हवी असेल तर तीही वजाबाकीच्या आधारे करून घ्यावी लागे.

२१ जून १९४८ रोजी किलबर्न यांनी लिहिलेली १७ आज्ञांची आज्ञावली या यंत्रावर यशस्वीपणे चालली. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४, या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधणे हे तिचे काम होते. शाळकरी मुलगाही निम्मे करून १,३१,०७२ हे उत्तर क्षणात देईल. यंत्राने मात्र एकेक संख्या उतरत्या क्रमाने तपासली आणि ५२ मिनिटे सुमारे ३५ लाख क्रिया करून ते उत्तर काढले. उत्तर आधीच ठाऊक असलेला आणि यंत्राला दीर्घकाळ राबवणारा प्रश्न मुद्दाम निवडला होता; स्मृती इतका वेळ न चुकता टिकते की नाही, हेच पाहायचे होते. स्मृतीवरील याच कामासाठी १९४८ साली किलबर्न यांना पीएच.डी. मिळाली. काही काळापुरते आलेले किलबर्न मग मँचेस्टरलाच राहिले.

दोन स्तरांची अडचण

बेबीचा विस्तार करून १९४९ साली मँचेस्टर मार्क १ हा संगणक तयार झाला. त्यात नलिकांच्या जोडीला चुंबकीय ड्रम बसवला होता. वेगाने फिरणाऱ्या या ड्रमाच्या पृष्ठभागावर पुष्कळ माहिती स्वस्तात मावे, पण ती परत मिळवायला नलिकेच्या तुलनेत फार वेळ लागे. याच यंत्राच्या आधारे फेरांती कंपनीने तयार केलेला फेरांती मार्क १ फेब्रुवारी १९५१ मध्ये विद्यापीठात आला. बाजारात विक्रीस आलेल्या पहिल्या सर्वोपयोगी संगणकांत त्याची गणना होते.

संगणकात आता दोन प्रकारच्या स्मृती नांदू लागल्या : एक चपळ पण लहान, दुसरी मोठी पण संथ. ही जोडी आजही मोडलेली नाही. त्या काळी तिचा सगळा भार आज्ञावली लिहिणाऱ्यावर पडे. गणित नलिकांत मावत नसेल, तर त्याचे तुकडे कोठे पाडायचे, कोणता तुकडा केव्हा ड्रमावरून आत आणायचा, त्यासाठी आतला कोणता बाहेर घालवायचा आणि जाण्यापूर्वी त्यातले बदललेले अंक ड्रमावर नोंदवायचे, हे सारे माणसालाच आधी ठरवून लिहावे लागे. यात एक चूक झाली की सर्व उत्तरे बिघडत. मूळ प्रश्न भौतिकीचा असो की हवामानाचा, लिहिणाऱ्याचा बराच वेळ या ने-आणीतच खर्ची पडे. शिवाय दुसऱ्या, अधिक स्मृती असलेल्या यंत्रावर तेच गणित न्यायचे झाल्यास ही आखणी नव्याने करावी लागे.

मँचेस्टरमध्येच टोनी ब्रूकर यांनी १९५४ च्या सुमारास तयार केलेल्या ऑटोकोड या आज्ञाभाषेने यावर एक उतारा काढला. वापरणाऱ्याने स्मृती एकच आहे असे समजून लिहावे आणि ड्रमाशी होणारी देवघेव ऑटोकोडने परस्पर सांभाळावी. सोय मोठी होती, पण हे काम आज्ञावलीच्या पातळीवर होत असल्यामुळे गणिताचा वेग बराच मंदावे. हीच सोय यंत्राच्या घडणीतच आणता येईल का, हा पुढचा प्रश्न होता.

दरम्यान किलबर्न यांच्या गटातील रिचर्ड ग्रिम्सडेल व डग्लस वेब यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक सुरू केला. त्या प्रकारातील तो जगातील पहिला मानला जातो. १९५४ मध्ये मेग हे यंत्र चालू झाले व त्यावरून फेरांतीचा मर्क्युरी बाजारात आला.

अ‍ॅटलस

१९५६ च्या सुमारास किलबर्न यांनी सेकंदाला सुमारे दहा लाख आज्ञा पार पाडणारा संगणक बांधण्याचे ठरवले. अमेरिकेतील अतिवेगवान संगणकांच्या प्रकल्पांशी बरोबरी करण्याचा हा प्रयत्न होता. त्याचे प्रथम नाव म्यूज. आरंभी सरकारी मदत फारशी मिळाली नाही आणि गटाने विद्यापीठाकडील निधीवर काम रेटले. १९५९ साली फेरांती कंपनी भागीदार झाली आणि यंत्राला अ‍ॅटलस हे नाव मिळाले. ७ डिसेंबर १९६२ रोजी सर जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या वेळी जगातील सर्वांत सामर्थ्यवान संगणकांत त्याची गणना होत होती.

अ‍ॅटलसच्या मुख्य स्मृतीत ४८ बिटांचे १६,३८४ शब्द मावत. चार चुंबकीय ड्रमांवर मिळून आणखी ९८,३०४ शब्द राहत. मुख्य स्मृतीतील शब्द २ मायक्रोसेकंदांत हाती येई, तर ड्रमाची एक फेरी १२ मिलिसेकंदांची असल्यामुळे तेथील माहितीसाठी सरासरी ६ मिलिसेकंद थांबावे लागे. दोहोंमध्ये सुमारे तीन हजार पटींचे अंतर होते. ही दरी माणसाच्या नजरेआड करायची होती.

किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळी माहिती ५१२ शब्दांच्या सारख्या तुकड्यांत विभागली. या तुकड्याला पान हे नाव मिळाले आणि ते जगभर रुळले. पोथी वाचणाऱ्याच्या हाती एका वेळी एकच सुटे पान असते, बाकीची पाने बासनात राहतात. वाचणाऱ्याला तरीही संपूर्ण ग्रंथ आपल्यापुढे आहे असेच वाटते. अ‍ॅटलसची व्यवस्था काहीशी अशीच होती. मुख्य स्मृतीत एका वेळी ३२ पाने मावत, ड्रमांवर १९२. आज्ञावली लिहिणाऱ्याला मात्र २,०४८ पानांचे, म्हणजे १०,४८,५७६ शब्दांचे, सलग क्रमांक वापरण्याची मुभा होती. एवढी जागा यंत्रात कोठेच नव्हती. क्रमांक आणि जागा यांची ही फारकत हेच या योजनेचे मर्म होय. त्यापूर्वीच्या संगणकांत स्मृतीचा क्रमांक म्हणजे यंत्रातील एक ठरलेली जागा असे. अ‍ॅटलसमध्ये क्रमांक हे केवळ माहितीचे नाव उरले. ती कोठे आहे, हे शोधण्याचे काम यंत्राकडे आले.

हा शोध क्षणार्धात व्हावा म्हणून ३२ नोंदवह्यांसारखी मंडले होती. मुख्य स्मृतीतील प्रत्येक जागेत या घटकेला कोणते पान आहे, याची नोंद त्यांत असे. आज्ञेने एखादा क्रमांक मागितला की बत्तीसही मंडले आपापली नोंद एकाच वेळी ताडून पाहत. एकीची नोंद जुळली की काम पुढे चाले. एकही जुळली नाही, तर पान ड्रमावर आहे असा अर्थ होई. मग चालू आज्ञावली तेथेच थांबे आणि यंत्राचे सर्व व्यवहार सांभाळणारी पर्यवेक्षक आज्ञावली ते पान मागवी. पान येईपर्यंत यंत्र रिकामे बसत नसे. दुसऱ्या कोणाचे तरी गणित तेवढ्यात पुढे सरकवले जाई. आधुनिक संचालन प्रणालींची पूर्वपीठिका म्हणून या पर्यवेक्षकाचा उल्लेख होतो.

उरला प्रश्न जागेचा. नवे पान आत यायचे तर जुने एखादे बाहेर गेले पाहिजे, पण कोणते? नुकतेच बाहेर पाठवलेले पान पुढच्याच क्षणी लागले, तर हेलपाटा फुकट जातो. अ‍ॅटलसमध्ये यासाठी वापराचा माग ठेवणारी आज्ञावली होती. दर १,०२४ आज्ञांनंतर कोणती पाने वापरली गेली याची नोंद ती घेई. पान किती वेळापासून पडून आहे आणि याआधी ते किती वेळ पडून राहिले होते, या दोन गोष्टींवरून कोणते पान सर्वांत उशिरा लागेल याचा ती अंदाज बांधी. आत एक जागा नेहमी मोकळी राखली जाई, म्हणजे येणाऱ्या पानाला जाणाऱ्यासाठी खोळंबावे लागत नसे. ही पद्धत पुनःपुन्हा त्याच क्रमाने फिरणाऱ्या गणितांना मानवे. नंतरच्या अभ्यासांत याहून साध्या पद्धतीही चांगल्या, कधी अधिक सरस ठरल्या. तथापि निवड यंत्राने आपल्या अनुभवावरून करावी, ही दृष्टी टिकली.

किलबर्न, डेव्हिड एडवर्ड्स, लॅनिगन व फ्रँक सम्नर यांचा एकस्तरीय स्मृतीवरील शोधनिबंध एप्रिल १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्राच्या इतिहासात तो पायाभूत मानला जातो. या कल्पनेचे श्रेय एकट्या मँचेस्टरला देणे मात्र योग्य होणार नाही. बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंच यांनी आपल्या प्रबंधात १९५०च्या दशकातच तशी योजना मांडली होती, तर अमेरिकेतील बरोज कंपनीने बी ५००० या यंत्रात वेगळ्या वाटेने, असमान लांबीचे खंड पाडून, हेच साधले. समान आकाराच्या पानांची जी रीत पुढे सर्वत्र स्वीकारली गेली, ती अ‍ॅटलसची.

अ‍ॅटलस १ या प्रकारची तीनच यंत्रे बांधली गेली : मँचेस्टर विद्यापीठ, लंडन विद्यापीठ आणि चिल्टन येथील अ‍ॅटलस प्रयोगशाळा यांच्यासाठी. व्यापारी दृष्टीने हे यश म्हणता येणार नाही. मँचेस्टरचे यंत्र १९७१ साली बंद करण्यात आले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, आयबीएमने आपल्या ३७० मालिकेत आभासी स्मृती आणल्याची घोषणा केली आणि ही कल्पना सर्वमान्य झाली. १९८५ च्या इंटेल ८०३८६ या प्रक्रियकापासून ती घरगुती संगणकांतही शिरली.

मोठ्या फाइल आणि किलबर्न यांचा वारसा

अ‍ॅटलसची सारी क्रमांकसृष्टी आजच्या मापाने अवघी ६ मेगाबाइट भरते. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही आता तेवढे असते. मावणे न मावणे हा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे, कारण स्मृती वाढली तशी माहितीही वाढली. यंत्रात ८ गिगाबाइट मुख्य स्मृती असताना ४० गिगाबाइटची फाइल उघडायची वेळ आजही येते. ती उघडते की नाही, हे बहुधा आज्ञावली किलबर्न यांच्या वाटेने जाते की नाही, यावर ठरते. संपूर्ण फाइल आधी मुख्य स्मृतीत ओतून घेऊ पाहणारी आज्ञावली अडते किंवा बंद पडते. याउलट फाइलीतील प्रत्येक स्थानाला केवळ क्रमांक देऊन ठेवायचे आणि ज्या भागाला हात लागेल त्याचीच पाने डिस्कवरून आत आणायची, ही पद्धत वापरली तर फाइल मोठी असूनही तिचा हवा तो भाग त्वरित दिसतो. साठवणीतील फाइल थेट स्मृतीच्या क्रमांकांशी जोडण्याची ही कल्पना १९६०च्या दशकात अमेरिकेतील मल्टिक्स प्रणालीने विकसित केली आणि आज ती बहुतेक सर्व संचालन प्रणालींत आढळते.

या योजनेच्याही मर्यादा आहेत. एकाच वेळी लागणारी पाने मुख्य स्मृतीहून अधिक असली, तर यंत्राचा सगळा वेळ पाने आणण्या-नेण्यातच जातो आणि मूळ काम जवळजवळ ठप्प होते. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेचे विवेचन केले. दुसरी मर्यादा क्रमांकाच्या लांबीची. ३२ बिटांच्या क्रमांकाने ४ गिगाबाइटपलीकडचे स्थान दाखवताच येत नाही. पेन ड्राइव्हवर पुष्कळ जागा शिल्लक असूनही त्यावर ४ गिगाबाइटची चित्रफीत उतरत नाही, हा अनुभव अनेकांना येतो. त्याचे कारण बहुधा फॅट ३२ ही जुनी मांडणी हे असते; तीत फाइलीची लांबी ३२ बिटांतच लिहिली जाते. अ‍ॅटलसमध्ये प्रत्यक्ष जागेच्या कित्येक पट मोठे क्रमांक राखून ठेवले होते, ही दूरदृष्टी पुढच्या अनेक रचनाकारांनी दाखवली नाही.

तिसरी मर्यादा फाइलीच्या स्वरूपाची असते, आणि तिच्यावर आभासी स्मृतीचा इलाज चालत नाही. एक्सेलच्या जुन्या स्वरूपात एका तक्त्यात ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमधील कोरोना चाचण्यांचे निकाल एकत्र करताना पब्लिक हेल्थ इंग्लंड या संस्थेत हे जुने स्वरूप वापरले गेले. मर्यादेपलीकडच्या ओळी गळाल्या आणि १५,८४१ रुग्ण दैनंदिन मोजणीतून सुटले. त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध घेण्यासही विलंब झाला. फाइल उघडली नसती तर दोष लगेच ध्यानात आला असता. येथे ती उघडत होती, पण अपुरी. नव्या एक्सेलमध्ये ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. अ‍ॅटलसच्या शब्दसंख्येशी ती तंतोतंत जुळते. दोन्ही आकडे म्हणजे २ चा २० वा घात.

विभाग व उत्तरायुष्य

किलबर्न १९६० साली संगणक अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. १९६४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मँचेस्टर विद्यापीठात ब्रिटनमधील पहिला संगणकशास्त्र विभाग स्थापन झाला आणि ते त्याचे पहिले प्रमुख झाले. संगणक हे गणित किंवा विद्युत अभियांत्रिकीचे उपांग नसून स्वतंत्र विद्या आहे, ही भूमिका तोवर सर्वमान्य नव्हती. विभागप्रमुखपद सांभाळत असतानाच त्यांनी एमयू ५ हे मँचेस्टरचे पाचवे मोठे यंत्र हाती घेतले. त्यातील अनेक कल्पना ब्रिटिश कंपनी आयसीएलच्या २९०० मालिकेत उतरल्या.

ते मितभाषी होते. लेखनापेक्षा यंत्र चालवून दाखवण्यावर त्यांचा भर असे, त्यामुळे त्यांच्या कामाच्या मानाने त्यांचे प्रसिद्ध लेखन थोडे आहे. याचाच परिणाम म्हणून सर्वसामान्य वाचकांत ट्युरिंग वा फॉन नॉयमन यांच्याइतके त्यांचे नाव पोहोचले नाही. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाचे ते निष्ठावंत चाहते होते.

१९६५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९७३ मध्ये त्यांना सीबीई हा किताब, १९७८ मध्ये रॉयल पदक आणि १९८३ मध्ये संगणक-रचनेच्या क्षेत्रातील एकर्ट-मॉकली पुरस्कार मिळाला. २००० साली अमेरिकेतील संगणक इतिहास संग्रहालयाने त्यांना आपले मानद सदस्यत्व दिले.

१९८१ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी आयरीन यांचे निधन झाले. १९९८ मध्ये बेबी संगणकाला ५० वर्षे झाली, तेव्हा क्रिस्तोफर बर्टन यांच्या नेतृत्वाखाली त्या काळचेच सुटे भाग जमवून त्याची प्रतिकृती बांधण्यात आली. तिच्यावर पहिली आज्ञावली पुन्हा चालवण्याच्या समारंभास किलबर्न व टूटिल दोघेही उपस्थित होते. ही प्रतिकृती मँचेस्टरच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात ठेवलेली आहे.

पोटावरील शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनिया होऊन १७ जानेवारी २००१ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मँचेस्टर विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग ज्या इमारतीत आहे, तिला किलबर्न यांचे नाव देण्यात आले आहे.